एका घराचें चित्रण

कुटुंबाचा इतिहास आपण बहुधा कायद्याच्या ग्रंथांत शोधतों. परंतु श्रोतेहो, आज सांगावयाचा तो पडद्यावर उमटलेला आहे. १९७१ सालीं क्रेग गिल्बर्ट या निर्मात्यानें कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथील लाउड कुटुंबाच्या घरांत कॅमेरा नेला. आईबाप, ५ मुलें, खाऊनपिऊन सुखी संसार. अ‍ॅलन व सुसन रेमंड या दांपत्यानें सुमारें ७ महिने चित्रण केलें. जमलेल्या सुमारें ३०० तासांतून १२ भाग निवडून १९७३ च्या जानेवारीपासून ते दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आले.

वडील मुलगा लान्स आपली समलिंगी वृत्ति लपवीत नव्हता; न्यूयॉर्कला आई त्याच्याकडे गेली, तेंहि लोकांनीं पाहिलें. मग एके दिवशीं बिल प्रवासाहून परतला, तों पॅटनें वकिलाचें कार्ड त्याच्या हातीं ठेविलें. आरडाओरड नाहीं, अश्रु नाहींत! या संथपणामागें कायदाहि होता: १९७० च्या आरंभापासून त्या राज्यांत घटस्फोटासाठीं जोडीदाराचा दोष शाबीत करावा लागत नसे.

कॅमेऱ्यानेंच घर मोडलें, असें कित्येक म्हणाले. मला तें पटत नाहीं. भेग जुनीच होती, कॅमेरा फार तर साक्षीदार. आपलें चित्र विपरीत रंगविलें, ही त्या कुटुंबाची तक्रार मात्र सहज झिडकारण्याजोगी नव्हे. ३०० तासांतून काय गाळावें हें त्यांच्या हातीं नव्हतें.

२००१ सालीं लान्स वारला. आईबापांनीं पुन्हां एकत्र राहावें, ही त्याची इच्छा होती. घटस्फोटित पॅट आणि बिल त्यानंतर पुन्हां एका छपराखालीं राहूं लागलीं.