आयत्या पिठाचा इतिहास

परवा आमच्या सूनबाईंनी सफरचंदाचे एक विलायती पक्वान्न पुढे ठेवले आणि ‘पीठ मात्र विकतचे हो’ असे ओशाळून सांगितले. ते पीठ पफ पेस्ट्रीचे. त्यात ओशाळण्याजोगे काय आहे, हे आम्ही इतिहासासच विचारले.

ह्या पिठाचा शोध १६४५ साली क्लोद लोरँ नामक शिकाऊ भटाऱ्याने लावला, अशी आख्यायिका आहे. परंतु त्या साली क्लोद रोममध्ये नामांकित चित्रकार होता. आणि स्पेनच्या तिसऱ्या फिलिप राजाचा आचारी मोंतिन्यो ह्याने १६११ सालच्या ग्रंथातच असल्या पिठाची कृती दिली होती. तेव्हा खरे श्रेय अनामिक हातांचे.

ते श्रम थोडे नव्हेत. पिठात लोणी गुंडाळून लाटावे, तिपदरी घडी घालावी, थंड होऊ द्यावे. अशा सहा घड्यांनी लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होऊन हे थर फुलतात. साटा लावलेल्या आमच्या चिरोट्याचे पदर सुटतात, ते तत्त्वही ह्याच्या जवळचेच.

आता हे पीठ गोठवलेले मिळते. त्यावर सफरचंदाच्या पातळ चकत्या, साखर व दालचिनी पसरून, कडा मोकळ्या सोडून, चांगल्या तापलेल्या भट्टीत सोनेरी होईतो भाजले की झाले. पॅरिसमध्येही पेस्ट्री करणाऱ्यांचा संघ पंधराव्या शतकापासून होता आणि अनेक घरे त्यांच्याकडूनच जिन्नस आणीत.

म्हणून विकतच्या पिठाची लाज नको. खाताना लाटणाऱ्याचे मनगट आठवावे, इतकेच.