ऋषीची भाजी आणि पाच रुपयांचं पाकीट

ऋषिपंचमीची भाजी तुम्ही खाल्ली असेलच. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हेही ऐकलं असेल. पण बैलच का?

शिक्रापुरात वाढताना मला हा प्रश्न कधी पडला नाही. प्रबंधासाठी व्रतकथा वाचायला घेतल्या तेव्हा पडला. कथेतली बाई विटाळशी असताना घरातल्या भांड्यांना शिवते. पुढच्या जन्मी ती कुत्री होते, आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल. मुलाच्या व्रताने दोघं सुटतात. बैलाचा नियम या कथेशी जोडला जातो. म्हणजे त्या चविष्ट ताटामागे पाळीचं प्रायश्चित्त आहे.

'आपली परंपराच तशी,' असं कुणी म्हणालं की मी सोयराबाईंचं नाव घेते. चौदाव्या शतकातल्या संत, चोखोबांच्या पत्नी. त्यांच्या अभंगातला मुद्दा सरळ आहे: देह जन्मतोच विटाळातून, मग सोवळा देह आणायचा कुठून? जातीचा आणि बाईपणाचा, दोन्ही विटाळ सोसलेल्या बाईने हे विचारलंय. विटाळ मानणं ही परंपरा असेल, तर त्याला प्रश्न विचारणं हीसुद्धा परंपराच आहे.

आता धोरणांकडे येऊ. 8 मार्च 2018 ला राज्याची अस्मिता योजना सुरू झाली: जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅडचं पाकीट, बचत गटांमार्फत. त्याच जुलैत पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला. दोन्ही गोष्टी गरजेच्याच होत्या. पण पाकिटाने प्रश्न सुटतो का?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीत काम थांबलं की खाडा, खाड्याला दंड, फडावर ना पाणी ना आडोसा. कारणं अनेक होती, त्यातलं हे एक. शिरूर-दौंडच्या उसातही बीडकडच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या आपण रस्त्यावरून बघतो आणि पुढे जातो.

2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलीने तक्रार केली, की पाळी आहे म्हणून मला झाड लावू दिलं नाही. आदिवासी विकास विभागाला चौकशी लावावी लागली. एका विद्यार्थिनीने तोंड उघडलं म्हणून हे झालं.

तुम्हीही ग्रामसभेत विचारा: शाळेच्या शौचालयात पाणी आहे का? पॅड टाकायला डबा आहे का? फडावर बायकांसाठी आडोसा आहे का?

आणि येत्या ऋषिपंचमीला भाजी जरूर खा, मीही खाणार आहे. फक्त ताट वाढणाऱ्या आजीला ती कथा विचारा, आणि मग सोयराबाईंचा प्रश्न तिला सांगा.