५ डावांत १३ धावा: रोहित शर्माला आणखी संधी द्यायची होती का?

समजा आज ऑगस्ट २०१२ आहे. भारतीय संघाने श्रीलंकेत एकदिवसीय मालिका ४-१ अशी जिंकली आहे. पण टपरीवर, एसटीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये चर्चा विजयाची नाही. चर्चा आहे ती एका २५ वर्षांच्या फलंदाजाची. त्याचे मालिकेतले ५ डाव असे: ५, ०, ०, ४, ४. एकूण १३ धावा.

एक गट म्हणतो, "पोट्ट्यात दम आहे, थोडा धीर धरा." दुसरा म्हणतो, "पाच वर्षं झाली की राजेहो, अजून किती धीर धरायचा?" 'टॅलेंट' हा शब्द तेव्हा कौतुकापेक्षा टोमणा म्हणूनच जास्त वापरला जायचा.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. एकदिवसीय सामन्यांत ३ द्विशतकं, २०१९ च्या एकाच विश्वचषकात ५ शतकं, कर्णधार म्हणून २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक. म्हणून आपण सहज म्हणतो की धीर धरणारे बरोबर होते. आज मला याच वाक्याची तपासणी करायची आहे. कारण संशोधनात शिरताना पहिली सवय मोडावी लागते ती हीच: शेवट माहीत झाल्यावर मागच्या निर्णयाला मार्क द्यायची.

आधी नोंदी बघू

इतिहास लिहिताना पहिला नियम असा की त्या दिवशी लोकांच्या हातात कोणती माहिती होती, तेवढीच टेबलावर ठेवायची. तर ऑगस्ट २०१२ पर्यंत काय काय माहीत होतं?

रोहितचा जन्म ३० एप्रिल १९८७ चा, नागपूरच्या बनसोडचा. वाढला मात्र मुंबईत, बोरिवलीला. आमच्या गोसीखुर्द-पवनीकडे त्याला "आपल्याकडचा" म्हणायची हौस आहे, पण क्रिकेट त्याने मुंबईचंच खेळलं. जून २००७ मध्ये पहिला एकदिवसीय सामना. त्याच वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद ५०, आणि अंतिम सामन्यात १६ चेंडूंत नाबाद ३०. मार्च २००८ मध्ये सिडनीच्या पहिल्या अंतिम सामन्यात सचिन तेंडुलकरसोबत खेळताना ६६. डिसेंबर २००९ मध्ये रणजीत गुजरातविरुद्ध नाबाद ३०९.

फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर, त्याचं कसोटी पदार्पण ठरलं होतं. नाणेफेकीच्या आधी सराव करताना पाय मुरगळला आणि त्याच्या जागी वृद्धिमान साहा खेळला. मे २०१० मध्ये झिम्बाब्वेत लागोपाठ दोन एकदिवसीय शतकं. जानेवारी २०११ मध्ये विश्वचषकाच्या संघातून वगळला. त्याच वर्षी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर मालिकावीर. आणि मग हे २०१२.

या यादीतून कोणताही गट आपल्याला हवं ते उचलू शकतो. विश्वास ठेवणारा ३०९ दाखवेल, वैतागलेला १३ दाखवेल. दोघांकडेही पुरावा आहे, पण पुरावा वापरायची पद्धत दोघांकडेही नाही.

५ डाव म्हणजे किती पुरावा?

आता थोडं गणित करू, घाबरू नका. एक साधं मॉडेल घ्या. फलंदाजाची सरासरी ३० आहे आणि प्रत्येक धावेपाशी बाद होण्याची शक्यता सारखीच आहे. अशा फलंदाजाची १० धावांच्या आत बाद होण्याची शक्यता निघते सुमारे २८ टक्के. सलग ५ डावांत तसं होण्याची शक्यता म्हणजे ०.२८ चा पाचवा घात, साधारण ६०० मध्ये १. हा आकडा बघून वैतागलेला गट म्हणेल, "बघा, हे नुसत्या नशिबाने होत नाही!"

पण थांबा. आपण हे ५ डाव आधी ठरवून निवडले होते का? नाही. ते वाईट होते म्हणूनच आपल्या नजरेत आले. म्हणजे प्रश्न बदलायला हवा: ८० डावांच्या कारकिर्दीत कुठे ना कुठे अशी सलग ५ ची रांग लागण्याची शक्यता किती? त्याच मॉडेलने ती येते साधारण १० मध्ये १. शिवाय खरा फलंदाज डावाच्या सुरुवातीला जास्त चाचपडतो, त्यामुळे प्रत्यक्षात ही शक्यता याहूनही थोडी जास्त असणार. आणि संघात अशा ५-६ फलंदाजांवर आपली नजर असेल, तर कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला अशी रांग येणार यात नवल काहीच नाही.

गोसीखुर्दला दर पावसाळ्यात बातमी येते, धरणाचे ३३ दरवाजे उघडले. त्या आठवड्यातली वैनगंगा बघून कोणी तिचं वर्षभराचं पाणी ठरवत नाही. मे महिन्यातलं पात्र बघूनही ठरवत नाही. फलंदाजाच्या बाबतीत मात्र आपण हेच बिनधास्त करतो.

म्हणजे विश्वास ठेवणारे जिंकले? इतक्यात नाही.

८० डाव म्हणजे किती पुरावा?

वैतागलेल्या गटाचा खरा मुद्दा ५ डावांचा नव्हताच. तो ५ वर्षांचा होता. २०१३ च्या सुरुवातीपर्यंत रोहित ८० हून अधिक एकदिवसीय डाव खेळला होता. सरासरी तिशीच्या आसपास, शतकं दोन.

धावांचा विखुरलेपणा सरासरीइतकाच धरला, तर ८० डावांनंतर सरासरीतली प्रमाण त्रुटी येते ३० भागिले ८० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.४. त्यावरून त्याची खरी क्षमता साधारण २३ ते ३७ या पट्ट्यात बसते. ४५-५० च्या सरासरीचा महान फलंदाज निव्वळ वाईट नशिबामुळे ८० डाव तिशीत अडकलाय, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

नीट लक्षात घ्या, वैतागलेले लोक जे मोजत होते ते बरोबरच मोजत होते. मधल्या फळीत खेळणारा रोहित खरंच तिशीचा फलंदाज होता. "टॅलेंट आहे" हे वाक्य त्या आकड्यांचं उत्तर नव्हतं, कारण ते कोणत्याच आकड्याने खोटं ठरू शकत नव्हतं. धावा झाल्या तर टॅलेंट दिसलं, नाही झाल्या तर टॅलेंट वाया चाललं. जो दावा कशानेच खोटा ठरत नाही, तो संशोधन प्रस्तावात लिहिला तर गाईड पहिल्याच पानावर लाल पेनाने गोल करतात.

मग बदललं काय?

२३ जानेवारी २०१३, मोहाली, इंग्लंडविरुद्धचा चौथा सामना. मालिकेत तोवर सलामीला अजिंक्य रहाणे होता. त्याला बसवून रोहितला गौतम गंभीरबरोबर पाठवलं. रोहितने ८३ धावा केल्या. जूनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत शिखर धवनबरोबर त्याची जोडी जमली. २ नोव्हेंबर २०१३ ला बेंगळुरूत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९. सलामीवीर म्हणून त्याची सरासरी पुढे पन्नाशीच्या वर राहिली.

कसोटीतही तसंच झालं. नोव्हेंबर २०१३ मध्ये पदार्पणात १७७, मग बरीच वर्षं आत-बाहेर, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला पहिल्यांदा सलामीला येऊन एकाच कसोटीत १७६ आणि १२७.

म्हणजे २०१३ मध्ये नुसता धीर फळाला आला नाही, प्रयोगाची अट बदलली. मधल्या फळीत येणाऱ्याला कधी १० षटकं मिळतात, कधी ३०. सलामीवीराला नवा चेंडू झेलावा लागतो, पण स्थिरावायला वेळ मिळतो. जुने ८० डाव खोटे नव्हते. ते वेगळ्या परिस्थितीचे होते.

पण इथेही एक खाच आहे. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रोहितला ३ वेळा सलामीला पाठवून झालं होतं, आणि एकदाही पन्नास झाले नव्हते. त्या ३ डावांवरून कोणी कायमचा निष्कर्ष काढला असता की हा सलामीला चालत नाही, तर मोहाली घडलंच नसतं. उलट मोहालीच्या एका ८३ वरून "सापडला सलामीवीर!" म्हणणंही तितकंच कच्चं होतं. तो एक डाव म्हणजे फक्त पुढच्या २०-२५ डावांची परवानगी होती.

विश्वासाची किंमत कोण भरतं?

चाहत्यांच्या वादात ही बाजू सहसा येत नाही. एकाला दिलेली संधी ही दुसऱ्याकडून घेतलेली असते.

डिसेंबर २०११ मध्ये चेन्नईला वेस्ट इंडिजविरुद्ध मनोज तिवारीने नाबाद १०४ केल्या. त्यानंतर बरेच महिने तो संघाबरोबर फिरला, पण बाहेर बसून. श्रीलंकेतल्या याच २०१२ च्या मालिकेत शेवटी त्याला खेळवलं. चौथ्या सामन्यात त्याने ४ बळी घेतले, पाचव्यात ६५ धावा केल्या. त्याची कारकीर्द १२ एकदिवसीय सामन्यांवर थांबली. तिवारीला ८० डाव मिळाले असते तर? याचं उत्तर कोणत्याच स्कोअरकार्डात नाही, कारण ती तुलना कधी झालीच नाही. नियंत्रण गट नसलेल्या प्रयोगात हेच होतं.

आता मुंबईचीच दुसरी दोन उदाहरणं घ्या. विनोद कांबळीने १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७ केल्या. १९९४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध धावा आटल्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला तो शेवटची कसोटी खेळला, तेव्हा त्याचं वय होतं २३. नोंद सांगते: १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही.

"धीर धरला की रोहित घडतो" हा नियम आपण ज्या यादीवरून काढतो, त्या यादीत फक्त घडलेलेच लोक असतात. ज्यांच्यावर विश्वास ठेवूनही काही झालं नाही ते विस्मरणात जातात. ज्यांच्यावर ठेवलाच नाही, त्यांचा आकडाच तयार होत नाही. फक्त यशस्वी लोकांच्या चरित्रांवरून निष्कर्ष काढायची ही चूक स्पर्धा परीक्षेच्या टॉपरच्या मुलाखतींपासून स्टार्टअपच्या कथांपर्यंत सगळीकडे आहे.

ताजं उदाहरण

२०२५ च्या महिला विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्ज दोनदा शून्यावर बाद झाली. इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवलं. परत आली ती तिसऱ्या क्रमांकावर: न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. संघाचा मुख्य प्रशिक्षक होता तोच अमोल मुझुमदार.

गोष्ट सुंदर आहे. पण आता तुम्हाला तिच्याकडे दोन नजरांनी बघता यायला हवं. दोन शून्यं हा तिला वगळण्याइतका पुरावा नव्हता. आणि एक १२७ हा "तिसरा क्रमांकच योग्य" असं कायमचं ठरवण्याइतका पुरावा नाही. इथेही धीराबरोबर जागा बदलली होती, म्हणून श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते एका स्पर्धेवरून वेगळं काढता येत नाही.

मग २०१२ चं उत्तर काय?

माझं मत स्पष्ट सांगते. ऑगस्ट २०१२ मध्ये "रोहितवर विश्वास ठेवा" हे चुकीचं उत्तर होतं, आणि "रोहितला काढा" हेही. कारण प्रश्नच अर्धवट होता. पूर्ण प्रश्न असा हवा होता: कोणत्या जागेवर, किती डाव, किती धावा झाल्या तर पुढे जायचं आणि किती झाल्या तर थांबायचं, आणि त्या काळात बाहेर कोण बसणार?

हे सगळं निकाल येण्याआधी लिहून ठेवलं तर त्याला प्रयोग म्हणतात. निकाल आल्यावर लिहिलं तर ती फक्त गोष्ट होते. मधल्या फळीत तसंच आणखी ५ वर्षं खेळवत राहिले असते, तर धीर तेवढाच लागला असता आणि हाती कदाचित तिशीच आली असती.

पीएच.डी. च्या प्रस्तावाला हेच लावून बघा. पहिल्या ५ वाचनांत सिग्नल आला नाही म्हणून विषय सोडू नका. पण ८० वाचनं एकच सांगत असतील, तर "आयडिया भारी आहे" म्हणून तीच सेटिंग परत चालवू नका. तापमान बदला, नमुना बदला, उपकरण बदला, आणि त्या आधी वहीत तारीख घालून लिहा की काय दिसलं तर तुम्ही थांबाल.

पुढच्या वेळी टपरीवर कोणी विचारलं की या नव्या पोराला अजून संधी द्यावी का, तर लगेच हो-नाही म्हणू नका. आधी विचारा: "कितव्या क्रमांकावर, आणि किती डाव?"