सतरा सप्टेंबरनंतरचे दिवस

मराठवाड्यातल्या आमच्या पिढीने रझाकारांची गोष्ट शाळेत जाण्याआधीच ऐकली. धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेतल्या, आमच्या गावात ती कुणीही, कधीही सांगायचं. आजी भाकरी थापता थापता सांगायची. "रातच्याला गाड्या जुपल्या. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून घेतली. आसाला वंगण घातलं, चाक वाजाय नगं म्हणून. लेकराच्या तोंडात गुळाचा खडा दिला आन् बार्शीची वाट धरली." अंगावरचे डाग घरातच, बळदात ज्वारीच्या तळाशी पुरून ठेवलेले. बार्शी म्हणजे निजामाच्या हद्दीपलीकडचा मुलूख. तिथे पोचलं की जीव वाचला.

आजीची गोष्ट खरी होती. भारत स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थानचा निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात सामील व्हायला नकार दिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला, पण संस्थानात शांतता आली नाही. कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या रझाकार संघटनेने गावंच्या गावं दहशतीखाली ठेवली. लूट, जाळपोळ, बायकांवर अत्याचार, खून, सगळं झालं. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड आजही लोकांच्या तोंडी आहे. रझाकारांनी मुसलमानांनाही सोडलं नाही. 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यात त्याचे हात तोडून त्याला मारलं. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या माणसांनी तुरुंग भोगले, घरंदारं गमावली. १३ सप्टेंबरला 'पोलीस ॲक्शन' सुरू झाली, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. आजीच्या गाड्या परत आल्या. बळदातले डाग जागेवर होते.

तिची गोष्ट इथे संपायची. शाळेतला धडाही इथेच संपायचा, झेंडावंदनाचं भाषणही.

पुढचं मला कळलं ते कॉलेजात असताना, आजोबांच्या धाकट्या भावाकडून. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याकडून निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा, हाली शिक्क्याचे रुपये, लेव्हीचं धान्य असल्या गोष्टी ऐकायची मला गोडी होती. एकदा मी सहज विचारलं, आपल्या गावात मुलाण्याचं घर कुठं होतं? गावात मुलाण्याचा मान होता, जत्रेच्या नोंदींत त्याचं नाव होतं, पण घर कुठेच दिसत नव्हतं. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ॲक्शन झाली आन् चार-सहा दिसांनी माणसं आली. भायेरची व्हती. पर वाट दावाय गावातलीच व्हती."

मुलाण्याचं काम देवाच्या बकऱ्याला सुरी लावायचं, पिराला दिवा लावायचा. मोहरमची सवारी निघायची तेव्हा आमच्या घरची पोरंही तिच्यापुढे नाचायची. "त्याच्यापाशी बंदूक कवाच नव्हती," आबा म्हणाले. "सुरी व्हती, ती गावानंच दिलेली." तो आणि त्याचा थोरला मुलगा त्या रात्री मारले गेले. बायको आणि दोन लेकरं वाचली, कारण साळी गल्लीतल्या एका विणकराने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि दारात आडवा उभा राहिला. त्याच्या हातावर कोयत्याचा वार बसला. पुढे त्याला मागावर बसता आलं नाही. मुलाण्याची बायको लेकरं घेऊन हैदराबादकडे गेली, ती परत आली नाही. त्यांची इनामाची जमीन कुणाकुणाकडे गेली, हे आबांना माहीत होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, आपल्या घरातल्यांनी काय केलं? ते म्हणाले, "आपलं दार लावल्यालं व्हतं."

पुढे कितीतरी वर्षांनी मी सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला. पोलीस ॲक्शननंतर संस्थानातून येणाऱ्या बातम्या ऐकून पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिकडे पाठवलं होतं. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून जवळपास तीन आठवडे ते हिंडले. संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत गेले, शेकडो माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज असा, की ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तिथे वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी समितीला तिथे जेमतेम तीन हजार माणसं दिसली. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. लष्कर आणि पोलीस यांतल्याही काहींनी लुटीत आणि इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचा पुरावा मिळाल्याचं समितीने नोंदवलं. प्रेतांनी भरलेल्या विहिरींचा उल्लेख त्यात आहे.

त्याच अहवालात विणकर आहेत. अनेक ठिकाणी हिंदूंनी शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवलं, आणि हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी स्वतःचे जीवही दिले, असं समितीने लिहून ठेवलं आहे. ते वाचताना मला आमची साळी गल्ली दिसली. पण सरकारने हा अहवाल कधी जाहीर केला नाही. त्याचा पूर्ण मजकूर पुस्तकरूपाने सहज हाती यायला साठहून अधिक वर्षं गेली. तोवर पाहणारे बहुतेक गेलेले.

हे सगळं मी बोलू लागलो की दोन उत्तरं येतात. पहिलं असं, की रझाकारांनी जे केलं त्याचाच हा परतावा होता. पण परतावा कुणी भरला? कासीम रझवीवर खटला चालला, त्याला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. निजाम १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. सत्ता ज्यांच्या हातात होती त्यांची काही ना काही व्यवस्था लागली. मारले गेले त्यांत मुलाणी होते, पिंजारी, तांबोळी, अत्तार होते. रझाकारांच्या गुन्ह्याची शिक्षा त्यांना देण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. शोएबुल्ला खानाला ज्यांनी मारलं, त्यांच्या नावाने मुलाण्याला मारणं हा न्याय कसा होतो?

दुसरं उत्तर जास्त प्रेमाने दिलं जातं. झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार? उलट गावात वितुष्ट येईल. ही काळजी खोटी नाही. पण वितुष्ट अर्धी गोष्ट सांगूनही येतं. आमच्या घरात रझाकारांची गोष्ट राहिली, हैदराबादच्या कुठल्याशा गल्लीत मुलाण्याच्या नातवंडांकडे कोयत्याची राहिली असेल. दोन्ही घरांना आपापली जखम ठाऊक आहे, समोरच्याची ठाऊक नाही. निवडणूक आली की कुणीही यावं आणि या अर्ध्या गोष्टीला काडी लावावी, अशी सोय आपणच करून ठेवली आहे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तर ती काडी पेटणं अवघड होईल, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट मला फार बोचते. गुन्हा लपवताना आपण त्या साळ्यालाही लपवलं. त्याचं शौर्य सांगायचं तर तो कुणासमोर उभा होता हे सांगावं लागतं, आणि तेच सांगायचं नव्हतं. मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाची किती स्मारकं आहेत, ती असलीच पाहिजेत. पण शेजाऱ्यासाठी हात गमावलेल्या माणसाचं नाव त्याच्या गावच्या शाळेतल्या मुलांना माहीत नाही. लपवाछपवीने ज्यांनी मारलं त्यांचं नाव झाकलं गेलं, तसंच ज्याने वाचवलं त्याचंही गेलं. नव्या पिढीला आदर्श द्यायचा तर त्याच्याइतका मोठा आदर्श कुठून आणायचा?

म्हणून मला वाटतं, देशाने आपल्या हातून झालेला अन्याय स्वतःच्या तोंडाने सांगितला पाहिजे. आता शिक्षा कुणाला करायची नाही, करणारे कुणी उरलेले नाहीत. करायची ती नोंद. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने मराठीत छापावा. मुक्तिसंग्रामाच्या धड्यात गोरटाही असावं आणि लातूरचे ते वीस दिवसही. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडे जे थोडं शिल्लक आहे ते विद्यापीठांनी लवकर उतरवून घ्यावं, कारण आमचे आबा आता नाहीत. आणि १७ सप्टेंबरच्या भाषणात स्वामीजींचं नाव घेतल्यावर पालकमंत्र्यांनी एवढं म्हणावं, की याच महिन्यात, याच जिल्ह्यात, आपल्या माणसांनी आपल्याच निरपराध माणसांना मारलं आणि आपल्याच काही माणसांनी त्यांना वाचवलं.

त्याने मुक्तिसंग्रामाचं मोल कमी होत नाही. ज्यांनी एका जुलमी राजवटीविरुद्ध लढून नागरिक म्हणून जगण्याचा हक्क मिळवला, त्यांच्या लढ्याचा अर्थच हा होता की इथे धर्म पाहून कुणाचा जीव घेतला जाणार नाही. मुलाण्याच्या घरासाठी ते वचन पाळलं गेलं नाही. हे मान्य केलं, तरच ते वचन पुढच्यांसाठी आपण खरं मानतो असं म्हणता येईल.