पेट्रोलमधले अल्कोहोल : निवड कोणाची?

रेवदंड्याला अल्कोहोल नवे नाही. माडाच्या पोयीतून टपकणारा गोड रस हवेतील यीस्टमुळे काही तासांतच आंबू लागतो आणि त्याची माडी होते. साखरेच्या एका रेणूपासून इथाइल अल्कोहोलचे, म्हणजेच इथेनॉलचे, दोन रेणू आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे दोन रेणू, ही शाळेत शिकवतो ती अभिक्रिया येथे बागेतच घडते. मात्र या रेणूचे काय करायचे, हे नेहमी बागायतदाराने ठरवले असे नाही. 1892 साली मुंबई सरकारने खास ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाची फुले बाळगण्यावर बंधने घातली. फुलांपासून घरोघरी दारू निघे आणि सरकारचा अबकारी महसूल बुडे, हे त्यामागचे कारण होते.

आज हाच रेणू साळावच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीच्या टाकीत असतो. जुनी स्कूटर बाळगणारा माणूस विचारतो, "इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळेल का?" नेहमीच्या पंपावर ते मिळत नाही. असा पर्याय मिळावा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. ही निवड पूर्वीही झाली होती. ती कोणी आणि कशासाठी केली, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली निवड अमेरिकेत झाली. इंजिनात पेट्रोल वेळेआधीच पेटले की खटखट आवाज येतो, शक्ती वाया जाते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यावर अल्कोहोल हा उपाय ठाऊक होता. 1921 साली थॉमस मिजले याला दुसरा उपाय सापडला : टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचे संयुग. अल्कोहोल दहा-वीस टक्के घालावे लागे, तर शिसे गॅलनमागे काही ग्रॅम पुरे. शिवाय अल्कोहोलचे पेटंट कोणाला मिळणार? शिवाच्या उपायाचे मिळत होते, आणि तोच निवडला गेला. विक्री 1923 मध्ये सुरू झाली ती 'इथाइल' या नावाने; शिशाचा त्या नावात उल्लेखही नव्हता. 1924 साली न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार या संयुगाच्या विषबाधेने दगावले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा चालू झाली. मुलांच्या मेंदूवर शिशाचा दुष्परिणाम होतो हे पुढे सिद्ध झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते फेब्रुवारी 2000 मध्ये.

आपल्याकडची निवड उसाच्या मळीने घडवली. 1932 साली साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले, कारखाने भराभर वाढले आणि मळीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. मळीपासून अल्कोहोल करून ते पेट्रोलमध्ये मिसळावे, हा विचार संयुक्त प्रांत व बिहारच्या समितीने 1938 साली मांडला. 1948 मध्ये केंद्राने त्यासाठी 'पॉवर अल्कोहोल' कायदा केला. पुढे हेच अल्कोहोल रसायन उद्योगाला हवे झाले, मिश्रण मागे पडले आणि 2000 साली कायदाही रद्द झाला.

लगेचच, 2001 मध्ये, चाचणी पुन्हा सुरू झाली. तिच्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण आले. 2022 मध्ये देशाने 10 टक्के आणि 2025 मध्ये 20 टक्के गाठले. तेलाच्या आयातीचा खर्च आणि शिल्लक साखर ही त्यामागची मोठी कारणे. महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी पडला तेव्हा, डिसेंबर 2023 मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारला बंधन आणावे लागले. टाकीतल्या इंधनाचे असे पावसाशीही नाते जडले आहे.

आता टाकीत काय घडते ते पाहू. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलमधून सुमारे 21. म्हणून 20 टक्के मिश्रणातून मिळते (0.8 × 32) + (0.2 × 21) = 29.8, म्हणजे सुमारे 7 टक्के कमी. हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. गाडीचे मायलेज नेमके तितकेच घटते असे नाही. 2021 च्या नीती आयोगाच्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के, दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट अंदाजली आहे; 10 टक्के मिश्रणासाठी बनवून 20 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ती 1 ते 2 टक्केच. दुसऱ्या पारड्यात इथेनॉलचा उच्च ऑक्टेन अंक आहे. त्यामुळे नॉकिंग टळते, तेही शिशाशिवाय.

समुद्रकाठी आणखी एक मुद्दा येतो : पाणी. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत. इथेनॉल मात्र दोघांशीही जमवून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून जाते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर तळाशी बसते. नेमके तळातूनच इंधन इंजिनात जाते. घट्ट बंद टाकीत दमट हवेतून एवढे पाणी सहसा शिरत नाही. भीती आहे ती सैल झाकणातून झिरपणाऱ्या पावसाची. रेवदंड्याला चार महिने उभी राहणारी जुनी गाडी असेल, तर झाकण, रबरी नळ्या आणि वॉशर पाहून घ्यावेत. जुने रबर अल्कोहोलने फुगू शकते.

हे गुणोत्तर मोजपात्रातही दिसते. 100 मिलिलिटर मिश्रणात 20 मिलिलिटर पाणी घालून हलवले, तर तळाचा थर 20 चा न राहता 40 च्या आसपास जातो, कारण इथेनॉल खाली उतरते. पेट्रोल ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग वर्गात करू नये; फळ्यावर आकृती काढून थर किती वाढेल, हे मुलांनाच सांगू द्यावे.

ब्राझीलमध्ये 2003 पासून कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. तेथे एकाच पंपावर निव्वळ इथेनॉल आणि मिश्र पेट्रोल दोन्ही मिळतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांहून कमी असेल तर ते घ्यावे, असा हिशेब ग्राहक करतो. यामागे वरचेच ऊर्जेचे गणित आहे.

आमच्या मते इथेनॉल चांगले की वाईट, असा वादविवाद वर्गात ठेवण्यापेक्षा तीन प्रश्न वेगळे करून द्यावेत : इंजिनाला काय हवे, शेताला आणि पाण्याला काय परवडते, आणि ग्राहकाला किती सांगितले जाते? शिशाच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. त्याची किंमत पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या मुलांनी मोजली.