पानिपतावरची न लढलेली माणसे

मी भुसार मालाचा व्यापारी. लढाईचे वर्णन वाचायला घेतले की माझी नजर आधी कोठीवर जाते. आमच्या बाजारात दुपारच्या चहाला पानिपताचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. मल्हारराव होळकर आधी निघून गेले ते बरोबर की चूक, मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांनी हत्तीवरून उतरायला हवे होते की नको. आणि शेवटी सगळ्यांचे एकमत कशावर, तर बुणग्यांनी, म्हणजे फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या माणसांनी, घात केला यावर. सोबत बायकापोरे आणि यात्रेकरू नसते तर जिंकलो असतो म्हणे! मला हे पटत नाही.

मार्च 1760 मध्ये परतूरहून भाऊसाहेबांची फौज निघाली, तेव्हा तिच्याबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त होते. नालबंद, भिस्ती, घासकापे, वाणी, सराफ, मोतद्दार, सरदारांचे कबिले. त्यांच्यावाचून फौज चार मजलासुद्धा गेली नसती. उरले यात्रेकरू. त्या काळी मथुरा, काशी, कुरुक्षेत्र गाठायचे तर वाटेत लुटारू आणि जागोजागी जकात. लष्कराच्या आधाराने जाणे हाच शहाणपणाचा मार्ग. अठरा-एकोणीस वर्षांचा नाना फडणीस आई आणि बायकोला घेऊन निघाला तो याच हिशेबाने. सुरजमल जाटाने सुचवले होते की कबिले, जड सामान, बाजार मागे सुरक्षित ठेवा आणि सडे होऊन लढा. ते ऐकले गेले नाही. पुढे दिल्लीत बिनसले आणि तो फौज घेऊन आपल्या मुलखात परतला.

ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. तिथे शत्रूसाठी, म्हणजे अफगाण बादशहा अब्दालीसाठी, साठवलेले धान्य हाती लागले. गाव लुटले गेले, कापाकापीही झाली. हेही सांगितले पाहिजे, कारण कुंजपुऱ्यातही बायकापोरे होतीच. तिथून कुरुक्षेत्राकडे निघायचे, तोवर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. मराठे पानिपताला थांबले, खंदक खणला, तोफा मांडल्या. आणि दक्षिणेची वाट बंद झाली.

आता माझा धंद्याचा हिशेब. खंदकाआड सगळी मिळून एक लाख माणसे धरा. माणशी अर्धा किलो पीठ म्हटले तरी रोजचे 500 क्विंटल. चाळीस हजार घोडी धरा, घोड्यामागे अडीच किलो चंदी. झाले आणखी 1000 क्विंटल. वैरण वेगळीच. एका बैलावर सव्वा क्विंटल लादला, तर रोज बाराशे बैल आत आले पाहिजेत, एक दिवस न चुकता. ही आवक चार दिवस तुटली तर आत काय होते ते सांगायला इतिहासकार नको. पैसा असून माल नसला की भाव नुसता चढत नाही, भाव उरतच नाही.

सुरुवातीला माल येत होता. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून बंजाऱ्यांचे तांडे येत. दुआबात मराठ्यांचे गोविंदपंत बुंदेले अब्दालीचीच रसद मारत होते. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि अब्दालीचे स्वार पानिपताभोवतीच्या वाटांवर रात्रंदिवस फिरू लागले. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशीराज पंडित तेव्हा अब्दालीच्या गोटात होता. त्याची हकीकत मी पुन्हा पुन्हा वाचतो. एका रात्री छावणीतली बिनहत्यारी माणसे लाकूडफाटा आणि गवत आणायला बाहेर पडली, ती अफगाण स्वारांच्या तावडीत सापडली आणि कापली गेली. तो आकडा जवळजवळ वीस हजार सांगतो. जुन्या बखरकारांसारखाच त्याचाही हात आकड्यांत सैल असेल, पण अर्धे धरले तरी पोटात गोळा येतो. सरपणासाठी!

तेव्हा फौज शेवटी लढायला बाहेर पडली ती उपाशी मरण्यापेक्षा बरे म्हणून. लढाईबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे.

दुसऱ्या दिवशीचे मात्र आपण वाचत नाही. पानिपत गावात आणि गोटात अडकलेल्यांना अफगाणांनी पकडले. पुरुषांना रांगेने उभे करून मारले, बायका-मुले गुलाम म्हणून वाटून घेतली. काशीराजाच्या हिशेबाने कैदी चाळीस हजारांच्या आसपास. त्यांतले सहा-सात हजार शुजाउद्दौल्याच्या गोटात शिरले आणि त्याने अफगाणांपासून त्यांना वाचवायला आपली माणसे पहाऱ्यावर ठेवली. शुजा म्हणजे शत्रूच्या बाजूचा. कोणत्याही तहात हे कलम नव्हते, त्याच्यावर कोणाची सक्तीही नव्हती.

जे निसटले ते दक्षिणेच्या वाटेला लागले. जानेवारीची थंडी, अंगावर धड कपडा नाही. आई हरवली ती नानाला पुन्हा भेटली नाही. त्याने स्वतःच आपल्या अपुऱ्या आत्मचरित्रात ते दिवस लिहून ठेवले आहेत. वाटेत गावकऱ्यांनी कित्येकांना नागवले. मथुरेच्या आसपास सुरजमल जाटाचा मुलूख लागला, तेव्हा कुठे अन्न, पांघरूण आणि वैद्य मिळाला. बाजीरावांचा मुलगा समशेर बहादूर जखमी होऊन तिथे पोचला. डीगला त्याचा अंत झाला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही त्या मुलखात पोचल्या.

सुरजमलाने हे का केले? राजकारण होतेच. अब्दाली आज ना उद्या परत जाणार आणि मराठे पुन्हा येणार, हे त्याला कळत होते. पण त्याच्या वहीत आपल्या नावावर केवढी बाकी होती ते पाहा. 1754 मध्ये मराठ्यांनी त्याच्याच कुंभेरला वेढा घातला होता. तिथेच तोफेच्या गोळ्याने खंडेराव होळकर, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, गेले आणि वडील मल्हाररावांनी जाटांचा सूड घ्यायची शपथ घेतल्याचे सांगतात. दिल्लीत त्याचा सल्ला धुडकावलेला. शिवाय अब्दाली अजून दिल्लीत बसलेला. पळालेल्यांना आसरा दिला म्हणून तो आपल्यावर चालून येईल ही धास्ती काही खोटी नव्हती. एवढे असून त्याने दार लावले नाही. ज्याने बुणग्यांना मागे ठेवा म्हटले होते, त्याच्याच कोठारातून त्यांना शेवटी शिधा मिळाला. त्यानंतर माणसे बरी होतील तशी ग्वाल्हेरच्या वाटेने आपल्या ठाण्यांकडे रवाना झाली.

सुरजमल 1763 च्या डिसेंबरात दिल्लीजवळ नजीबखानाच्या फौजेशी लढताना पडला. नजीबखान म्हणजे अब्दालीला हिंदुस्थानात बोलावणाऱ्यांतला म्होरक्या. आमच्या चहाच्या टेबलावर त्याचे नाव रोज निघते, सुरजमलाचे मात्र रुसून निघून गेलेला म्हणून.