परत मागवलेली भेट

अमेरिकेच्या ओहायो राज्यात कोशॉक्टन नावाचं छोटं गाव आहे. १८८०च्या दशकात तिथे जॅस्पर मीक नावाचा एक वर्तमानपत्रवाला होता. छापखाना रिकामा राहू नये म्हणून तो जोडधंदा शोधत होता. शाळकरी पोरांच्या हातातली पुस्तकं रस्त्यात पडताना त्याने पाहिली आणि कँटवेल या बूटवाल्याला गळ घातली, असं सांगतात. तागाच्या पिशव्यांवर दुकानाचं नाव छापायचं आणि पिशव्या पोरांना फुकट वाटायच्या. पिशवी पोराच्या खांद्यावर, जाहिरात गावभर. संगणकवाल्यांच्या परिषदेत आज दारातच जी पिशवी हातात पडते, ती हिचीच खापरपणती.

संगणकाच्या जत्रांत आधी कागद वाटले जात. एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरली आणि ॲपल टू हा संगणक तिथेच लोकांसमोर आला. त्याचा कर्ता स्टीव्ह वॉझ्नियॅक मात्र एका वेगळ्याच उद्योगात होता. ‘झाल्टेअर’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या संगणकाची चकचकीत पत्रकं त्याने छापून आणली आणि ती गुपचूप जत्रेत पसरवली. रोख होता त्या वेळच्या प्रसिद्ध अल्टेअर संगणकावर. खुद्द स्टीव्ह जॉब्जलाही पत्रक खरं वाटलं आणि भागीदाराचाच हा चावटपणा आहे हे त्याला पुढे कित्येक वर्षं कळलं नाही. जाहिरात वाटणाऱ्यांची इतकी झकास टिंगल नंतर क्वचितच कुणी केली असेल.

दोन वर्षांनी, १९७९मध्ये, शेल्डन ॲडेलसनने लास व्हेगसला कॉमडेक्स हे संगणक-प्रदर्शन सुरू केलं आणि जत्रेचा धंदा झाला. १९९५मध्ये हा पसारा जपानच्या सॉफ्टबँकेने ८० कोटी डॉलरच्या वर किंमत मोजून घेतला. एवढ्या गर्दीत गिऱ्हाईक आपल्याच स्टॉलवर थांबावं कसं? त्याचं उत्तर काचेच्या भांड्यात होतं. त्यात आपलं कार्ड टाका, संध्याकाळी सोडत, बक्षीस एकाला. बाकीच्या शेकडो जणांची नावं, हुद्दे आणि फोन नंबर विक्री विभागाच्या हाती. पुढे भांडं गेलं आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर यंत्र फिरू लागलं. सौदा तोच राहिला.

गूगलला मात्र नावं नकोच होती, हात हवे होते. आपल्या फोनसाठी प्रोग्रॅम लिहिणारे हात. म्हणून २००९पासून गूगल आय/ओ परिषदेत येणाऱ्या प्रत्येकाला यंत्रंच मिळू लागली. आधी फोन, मग टॅब्लेट. २०१२मध्ये तर फोन, टॅब्लेट, क्रोमबॉक्स आणि नेक्सस क्यू नावाचा काळा गोळा असा आहेरच होता. हा गोळा पुढे बाजारात रीतसर विकायला कधी आलाच नाही. २०१३मध्ये तिकीट ९०० डॉलरचं आणि वाटलेला क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप १,२९९ डॉलरचा! तिकिटं तासाभराच्या आत संपली यात नवल ते काय? शिकायला किती आले आणि पिशवी भरायला किती, हे ओळखणं अवघड झालं. पुढच्या वर्षी गूगलने तिकिटांसाठीच सोडत ठेवली. स्टॉलवरची चिठ्ठी आता दारात आली.

संगणक-सुरक्षेवाल्यांची बक्षिसंही त्यांच्यासारखीच तिरकस. २००७मध्ये व्हँकूव्हरच्या कॅनसेकवेस्ट परिषदेत मॅकबुक लॅपटॉप मांडून ठेवले होते. जो त्याची सुरक्षा फोडेल त्याचा तो. टिपिंगपॉइंट या कंपनीने वर १० हजार डॉलर जाहीर केले. दिनो दाई झोवीने न्यूयॉर्कमध्ये बसून रातोरात छिद्र शोधलं, शेन मॅकॉलेने परिषदेत ते वापरलं. यंत्र एकाला, पैसे दुसऱ्याला.

याच लोकांच्या मेळाव्यांत फुकटच्या पेनड्राइव्हने सगळ्यात जास्त फजिती केली आहे. डिसेंबर २०१७मध्ये तैवानमध्ये सरकारी माहिती-सुरक्षा प्रदर्शनात प्रश्नमंजुषा झाली. जिंकणाऱ्यांसाठी २५० पेनड्राइव्ह होते आणि त्यांतल्या ५४मध्ये व्हायरस निघाला. पोलिसांच्या तपासात दोष आढळला तो ठेकेदाराच्या माणसाच्या संगणकात. पेनड्राइव्ह तपासून बघायला त्याने तिथेच लावले होते.

आयबीएमने हे सात वर्षं आधीच भोगलं होतं. मे २०१०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला ऑसर्ट ही सुरक्षा परिषद भरली होती. तिथे कंपनीने स्टॉलवर वाटलेल्या पेनड्राइव्हमधून व्हायरस निघाला आणि तोही नवा नव्हे. अँटिव्हायरसवाले त्याला २००८पासून ओळखत होते. याच परिषदेत त्याआधी दोन वर्षं टेल्स्ट्रा या दूरसंचार कंपनीच्या पेनड्राइव्हनेही हाच प्रताप केला होता. आयबीएमने परिषदेला आलेल्यांना माफीचं पत्र धाडलं. पेनड्राइव्ह वापरू नका, आमच्या पत्त्यावर परत पाठवा. टपालखर्च आमचा.